रस्त्याकडची शेवंती

गणपती बसले त्याच सकाळी वैजयंतीला शेवंतीवर पहिली कळी दिसली. ज्वारीच्या दाण्याएवढी, हिरवी, चिमटीत धरली की आत घट्ट गाठ लागणारी. त्या सकाळपासून तिचं चित्त घरात राहिलं नाही. भाकरी तव्यावर टाकायची आणि मन वावरात. एकदा तर तवा तसाच ठेवून ती बांधावर जाऊन उभी राहिली, आणि करपलेली भाकरी सासूनं, बजाबाईनं, एका हातानं उतरवली. बजाबाईचा दुसरा हात अजून मनगटात नीट वळत नव्हता.

"कळ्या काय पळून जात न्हाईत," बजाबाई म्हणाली. "दोन घास खाऊन जा की."

"आलेच बघून, आत्याबाई."

"सकाळधरनं तेच चाललंय तुझं."

वैजयंतीनं पायात चपला सरकवल्या आणि ती निघालीसुद्धा.

वावर म्हणजे मोडनिंबजवळचा वीस गुंठ्यांचा तुकडा. हायवेवरून गावात एक डांबरी रस्ता वळतो. त्याच्या एका अंगाला यांचं घर, दुसऱ्या अंगाला सलमानचं हॉटेल, आणि हॉटेलाला लागून हे वावर. तिथं आधी डाळिंब होतं. तेल्या रोगानं बाग गेली तेव्हा शिवराजनं, वैजयंतीच्या नवऱ्यानं, झाडं मुळासकट उपटून बांधावर पेटवली, आणि त्या जाळाबरोबर त्याचं शेतीवरचं मनही जळालं. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात त्याला काम मिळालं. तिकडंच खोली घेऊन राहायचा. शनिवारी संध्याकाळी घरी यायचा, सोमवारी पहिल्या एस.टी.नं परत जायचा.

सलमान आणि शिवराज एका वर्गात शिकलेले. हॉटेल चालायला लागलं तसे ट्रक थांबायला जागा पुरेना, म्हणून सलमाननं त्या पडीक तुकड्याचं विचारलं होतं. मुरूम टाकून सपाट करू, भाड्याचं काय ते ठरवू. शिवराजनं मनातल्या मनात होकारही देऊन टाकला होता. आडवी आली ती वैजयंती.

"मुरूम एकदा पडला की त्याची परत माती व्हत न्हाय," ती म्हणाली होती. "एक वर्ष मला द्या. न्हाय जमलं तर मग तुमी म्हणाल तसं."

शिवराज हसला नाही की चिडला नाही. "एक वर्ष," एवढंच म्हणाला.

तिचं माहेर अक्कलकोटच्या बाजूचं. तिकडं शेजारच्या निंगप्पाच्या वावरात शेवंती असायची, आणि दसऱ्याच्या सुमाराला ते सगळं शिवार हळदीचं पोतं उलटं केल्यासारखं दिसायचं. त्या निंगप्पाकडनंच तिनं पिवळ्या झिपरी शेवंतीच्या काश्या आणल्या, म्हणजे जुन्या झाडाच्या बुडातून फुटणारी मुळं धरलेली पोरं. शेवंती एकदा काढली म्हणजे संपली, असं होत नाही. फुलं सरली की झाड छाटायचं, पाणी द्यायचं, की बुडातून नवी पोरं वर येतात आणि तीच पुढच्या वर्षी लावायची. मेच्या उन्हात ओल्या गोणपाटात गुंडाळून तिनं त्या काश्या एस.टी.तून आणल्या, मांडीवर घेऊन. लावल्या, जगवल्या, वीतभर झाल्यावर शेंडे खुडले म्हणजे फांद्या फुटतात म्हणून शेंडे खुडले, पुन्हा एकदा खुडले. मावा पडला तेव्हा निंबोळीचा अर्क मारला. ऑगस्ट संपता संपता सगळं वावर गुडघ्याएवढं भरून आलं होतं.

आणि आता कळ्या आल्या होत्या. पण सगळीकडे नाही.

हे तिच्या लक्षात यायला चारपाच दिवस गेले. विहिरीकडच्या बाजूला झाडाझाडाला कळ्यांचे घोस धरले होते. हॉटेलकडच्या, रस्त्याकडच्या बाजूला एक कळी नव्हती. झाडं मात्र तिकडचीच जास्त टवटवीत. पानं रुंद, काळपट हिरवी, उंचीला टीचभर जास्त. त्यांच्यात उभं राहिलं की वाटावं, पीक असावं तर असं. आणि शेंडा बघितला तर नुसतं पान, पानातून पान.

गौरी गेल्या, गणपती गेले, पितृपक्ष लागला. विहिरीकडच्या कळ्यांना पिवळी चोच दिसायला लागली. रस्त्याकडे काही नाही.

तिनं निंगप्पाला फोन लावला.

"युरिया जास्त झाला असणार, तंगी," निंगप्पा म्हणाला. मराठीतच बोलायचा, पण तिला धाकट्या बहिणीला म्हणतात तसं कानडीतच हाक मारायचा. "खत बंद कर. पाणी जरा ओढ. येतील कळ्या."

"पण काका, सगळ्या वावराला एकच खत दिलंय की. मग तिकडं आल्या त्या?"

"उतार असंल. तिकडनं वाहून इकडं साठलं असंल."

तिनं खत बंद केलं, रस्त्याकडच्या ठिबकच्या नळ्या दोन दिवसांआड चालू केल्या. झाडं थोडी सुकली, पुन्हा उभी राहिली, कळी मात्र धरेनात. दिवसातून ती किती वेळा जाऊन यायची ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. दुपारी आडवी झाली तरी डोळ्यासमोर शेंडे. उठून पाणी प्यायची, दारात यायची, पुन्हा आत जायची. धुणं वाळत घालताना अर्धं घालून ती निघून गेली होती आणि उरलेलं पिळे पडलेलं बादलीतच राहिलं होतं, ते बजाबाईनं संध्याकाळी पाहिलं. तिनं ते एका हातानं दोरीवर टाकलं.

रविवारी शिवराज तिच्याबरोबर वावरात आला. त्यानं इकडून तिकडून एक चक्कर मारली.

"अर्धं तर आलंय की," तो म्हणाला.

"अर्ध्यानं काय व्हतंय?"

"मी कुटं काय म्हणतोय? अर्धं आलंय, ते आलंय." मग हॉटेलकडे बघत तो म्हणाला, "सलमान परवा परत इचारत व्हता. मी म्हटलं, दिवाळीनंतर बोलू."

ते वाक्य वैजयंतीच्या डोक्यात काट्यासारखं राहिलं. सलमान परवा परत विचारत होता. आणि हॉटेलकडचीच शेवंती तेवढी धरत नव्हती. एकदा तिच्या मनानं ही दोन टोकं जुळवली आणि मग ती तिला सुटी करता येईनात. येता-जाता ती हॉटेलच्या मागच्या बाजूकडे बघू लागली. भांडी धुतलेलं पाणी कुठं जातं, राख कुठं टाकतात, तारेच्या कुंपणापलीकडं कोण उभं राहतं.

खरं तर असा संशय घ्यायला सलमान हा शेवटचा माणूस होता. आषाढात, अंधार पडायच्या सुमाराला, बजाबाई हॉटेलवरून घराकडं रस्ता ओलांडत होती. रोज संध्याकाळी सलमानच्या आईपाशी, गुलबानोपाशी, जाऊन बसायचा तिचा नेम. हॉटेलच्या मागं ओट्यावर दोघी मटकी निवडत, नाहीतर लसूण सोलत गप्पा मारायच्या. हायवेवरून जोरात वळलेल्या मोटारसायकलीनं तिला उडवलं. मोटारसायकलवाला थांबला नाही. सलमाननं गल्ल्यावरून उठून बजाबाईला उचलून गाडीत घातलं आणि सोलापूरला नेलं. मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून तिला घरी आणेपर्यंत तो दवाखान्यात बाकावर बसून होता. पुढच्याच आठवड्यात त्यानं हॉटेलच्या कोपऱ्यावर लोखंडी खांब उभा करून त्यावर मोठा फोकस बसवला, आणि रात्रभर तो वळणाचा रस्ता दिवसासारखा उजळू लागला. सगळं गाव त्याला बरं म्हणालं.

हे सगळं वैजयंतीला माहीत होतं. पण अस्वस्थ माणूस माहीत असलेल्या गोष्टी बाजूला ठेवतो.

सर्वपित्री अमावास्येच्या दोन दिवस आधी ती वावरात शिरली, तर कुंपणाच्या पलीकडं सलमान पाठीवर पंप घेऊन फवारत चालला होता. तारेच्या बुडाचं गवत पिवळं पडून वाकलं होतं. वैजयंतीला पुढचं काही दिसलंच नाही. ती बांधावरून फिरून सरळ हॉटेलच्या पुढच्या अंगाला गेली. पंप टेकवायला सलमानही तिकडंच आला होता. बाकांवर ट्रकवाले जेवत होते, गावातली चार माणसं चहा घेत बसली होती.

"काय मारताय कुंपणाला?" तिनं विचारलं.

"तणनाशक, वहिनी. गवत लई माजलंय, साप निघत्यात."

"गवत मारताय का माझी शेवंती मारताय?"

सलमानला आधी कळलंच नाही. "म्हंजे?"

"तुमच्याच बाजूची तेवढी धरंना. इतके दिवस मी म्हणतेय काय झालं, काय झालं. जमीन मिळत न्हाय म्हणून पीक मारायचं, व्हय? सरळ मागायची की. चोरून कशाला?"

जेवणाऱ्यांचे हात थांबले. आतून गुलबानो दारात आली, हाताला पीठ लागलेलं. सलमान वैजयंतीकडं बघत उभा राहिला. त्याच्या पाठीवरच्या पंपातून थेंब थेंब गळत होतं. त्यानं पंप उतरवला, भिंतीला लावला.

"वहिनी, मी तारेच्या आत एक थेंब मारला न्हाई," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुमाला पटत नसंल तर ऱ्हाऊ द्या."

आणि तो आत निघून गेला.

घरी आल्यावर तिला काही सांगावं लागलं नाही, बजाबाईला सगळं आधीच कळलं होतं आणि ती चुलीपुढं तोंड फिरवून बसली होती.

"ज्यानं मला उचलून न्हेलं," बजाबाई एवढंच म्हणाली आणि पुढचं गिळलं.

त्या संध्याकाळी बजाबाई हॉटेलवर गेली नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. ओसरीवर बसून, मोडलेल्या हाताची बोटं उघडझाप करत ती रस्त्याकडं बघत राहायची. वैजयंतीला वाटायचं, ही काही बोलली असती तर बरं झालं असतं. घर भरून ती शांतता होती आणि तिच्यात वैजयंती इकडून तिकडं फिरत होती.

अमावास्येच्या दिवशी, उद्या घट बसणार म्हणून माती आणायला ती पाटी घेऊन वावरात गेली. घटासाठी आपल्याच रानातली माती घ्यायची. वावराच्या मध्यावर, रस्त्याकडच्या बाजूला पाण्याच्या मोटारीची खोली होती, पत्र्याची. त्या खोलीच्या मागची माती चांगली भुसभुशीत होती. एरवी ती बांधावरूनच बघून परतायची, खोलीमागं फारशी जात नसे. ती तिथं वाकली, आणि वाकल्यावर तिला दिसलं की समोरच्या झाडांवर कळ्या आहेत.

तिला आधी वाटलं, आपण विहिरीच्या बाजूला आलो. वर बघितलं. नाही, रस्त्याकडचीच बाजू होती. डावीकडची झाडं रिकामी, उजवीकडची झाडं रिकामी, आणि मध्ये, खोलीच्या बरोब्बर मागं, एक पट्टा कळ्यांनी भरलेला. खोलीपाशी अरुंद, मागं जाईल तसा रुंद होत गेलेला. ती पाटी ठेवून त्या पट्ट्याच्या कडेकडेनं चालत गेली. कडा अशी सरळ होती की कुणी दोरी लावून आखावी. तणनाशक असं उडत नाही. खत असं साठत नाही. ती शेवटापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. काही केल्या उलगडा होईना आणि तिथून पाय निघेना.

दिवस मावळला. घरी दिवा लावायची वेळ झाली होती, आणि ती अजून तिथंच होती. तेवढ्यात हॉटेलवरचा फोकस लागला.

उजेड सपकन आला आणि खोलीची सावली वावरावर पडली. खोलीपाशी अरुंद, मागं रुंद. त्या कळ्यांच्या पट्ट्यावर ती अशी बसली की इकडं ओळभर नाही आणि तिकडं ओळभर नाही.

वैजयंती उभ्या जागी खाली बसली.

 उजेडातल्या झाडांकडं बघितलं, सावलीतल्या झाडांकडं बघितलं. मग तिथूनच तिनं निंगप्पाला फोन केला आणि विचारलं, काका, शेवंतीला रात्री दिवा लागला तर काय होतं?

"दिवा?" निंगप्पा म्हणाला. "कसला दिवा? मोठा हाय का? मग कळी कशी धरंल, तंगी. रात्र मोठी व्हायला लागली की तिला कळतं आता फुलायचं. दिवा लावलास तर तिला वाटणार अजून उन्हाळाच हाय. आधी सांगायचं न्हाईस का?"

"मलाच आत्ता कळलं," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं बजाबाईला सगळं सांगितलं.  तिला उलगडा झाल्याचा आनंद होता, आणि त्या आनंदाच्या मागोमाग जे येत होतं त्याची भीती होती. बजाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे माझ्यापायी," ती म्हणाली.

"तसं न्हाई, आत्याबाई."

"तसंच की. माझा हात मोडला म्हणून त्यानं दिवा लावला." आणि मग, "आता जाऊन सांग त्याला."

सकाळी घट बसवून वैजयंती हॉटेलवर गेली. अजून गिऱ्हाईक नव्हतं. सलमान गल्ल्याशी उदबत्ती लावत होता. तिनं मान वर न करताच सावलीचं सांगितलं, निंगप्पानं सांगितलेलं सांगितलं. बोलणं संपवून ती थांबली. माफीचे शब्द तिनं रस्ता ओलांडताना जुळवले होते, पण तोंडापाशी येऊन ते अडले.

सलमाननं ऐकून घेतलं. "आज संध्याकाळपासनं फोकस बंद," तो म्हणाला आणि उदबत्तीची राख झटकली. बस्. 

त्या संध्याकाळी वळणावर अंधार होता. बजाबाईनं लुगड्याचा पदर सारखा केला आणि काठी घेतली.

"कुटं?" वैजयंतीनं विचारलं.

"गुलबानोकडं. किती दिस तोंड लपवून बसू?"

"मी येते संगं."

दोघी रस्त्याच्या कडेला आल्या. हायवेवरच्या गाड्यांचे दिवे यायचे, डोळे दिपवायचे आणि गेल्यावर आधीपेक्षा दाट अंधार करून जायचे. वैजयंतीनं सासूचा बरा हात धरला, दोन्हीकडं बघितलं आणि पाऊल टाकलं. रस्त्यावर दोन पावलं गेल्या तोच हायवेवरून एक ट्रॅक्टर वळला, पुढचा एकच दिवा मिणमिणता, मागं दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टर पुढून गेला म्हणून बजाबाईनं पाय उचलला, आणि मागची ट्रॉली, जिला ना दिवा ना चमकणारा पत्रा, वळणावर आत घेत त्यांच्या अंगावर आली. वैजयंतीनं सासूला कमरेला धरून मागं ओढलं. दोघी कडेच्या चारीत पडल्या. ट्रॉलीचं चाक बजाबाईची काठी मोडून पुढं गेलं. ड्रायव्हरला पत्ताच नव्हता.

चिखलात बसून बजाबाई मोडका हात छातीशी धरून होती. "लागलं न्हाय," ती म्हणत होती. "लागलं न्हाय, लागलं न्हाय." वैजयंती अंधारात तिचे हातपाय चाचपून बघत होती. 

हॉटेलमधून सलमान धावत आला, मागं गुलबानो. त्यांनी दोघींना ओट्यावर नेलं. गुलबानोनं बजाबाईचे पाय धुतले, पाणी दिलं आणि तिच्याशेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. 

"फोकस लावा," वैजयंती म्हणाली.

"आणि शेवंती?" सलमाननं विचारलं.

"लावा आधी."

त्यानं बटण दाबलं. रस्ता उजळला, त्याबरोबर वावरही उजळलं. वैजयंतीनं तिकडं पाठ केली. ते बघवत नव्हतं.

सलमान मात्र खांबाखाली जाऊन वर बघत उभा होता. परत आला तो म्हणाला, "वहिनी, उजेड रस्त्यालाच पायजे ना आपल्याला? वावरात तो उगंच जातोय. वर पत्र्याचं टोपरं करून बघू."

दुसऱ्या दिवशी त्यानं मोडनिंबमधून पत्रा कापून, वाकवून आणला. दिवस मावळल्यावर शिडी लावून तो वर चढला आणि वैजयंती वावरात उभी राहून सांगत होती. अजून खाली. अजून. आता डावीकडनं येतोय. सलमान वर पत्रा दाबायचा, उजेडाची कड वावरातून मागं सरकत सरकत कुंपणापर्यंत यायची आणि तिथं अडायची. शेवटी रस्ता लख्ख राहिला आणि वावरात कुंपणालगतच्या दोन ओळी तेवढ्या उजेडात उरल्या. त्यांच्यासाठी तिनं तारेला काळी शेडनेट बांधली, डाळिंबाच्या वेळची, घरात पडून असलेली. रस्त्याकडच्या शेवंतीवर बऱ्याच दिवसांनी अंधार पडला.

शिडी उतरवून सलमान हात पुसत होता तेव्हा ती कुंपणापाशी गेली.

"सलमानभाऊ, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं माझं."

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "वहिनी, तुमी बोललात ते चार माणसांत बोललात," तो म्हणाला. "माझ्या हॉटेलात, माझ्या गिऱ्हाइकांसमोर. गावात ते फिरलं. अम्मीला बाजारात इचारलं लोकांनी. आता हे मला एकट्याला सांगून काय व्हनार?"

आणि तो शिडी उचलून गेला. रागानं बोलला नव्हता, म्हणूनच ते तिच्या जास्त जिव्हारी लागलं.

दसरा आला. विहिरीकडची शेवंती फुलली आणि गावातल्या बाया मदतीला घेऊन वैजयंतीनं तोडा केला. शिवराज फुलं टेम्पोत भरून सोलापूरच्या फूल बाजारात घेऊन गेला, आणि माल हातोहात गेला. तो फोनवर खुशीत बोलत होता. तिला मात्र गोड लागेना. एक तर रस्त्याकडं अजून कळी नव्हती. निंगप्पा म्हणाला होता, अंधार मिळाल्यावर महिना तरी जाऊ दे. आणि दुसरं, सलमानचं ते बोलणं. हॉटेलवरून जाताना ती नजर खाली घालायची. गुलबानो हाक मारायची, ती "आले, चाची" म्हणून पुढं जायची. मनात रोज वाक्य जुळवायची आणि रोज ते मोडून टाकायची. आज गिऱ्हाईक फार आहे. आज सलमान नाही. आज माझी साडी मातीनं भरलीय. कारणं संपत नव्हती.

एका रविवारी सकाळी चहाच्या वेळेला तिनं ठरवलं आणि लगेच निघाली, थांबली तर पुन्हा राहील म्हणून. शिवराज बाहेर खाटेवर बसला होता. "कुटं?" त्यानं विचारलं. ती थांबली नाही, म्हणून तो मागोमाग आला.

हॉटेल भरलेलं होतं. तीच गावातली माणसं, तेच बाक. सलमान झारा हातात घेऊन भजी तळणाऱ्याला काही दाखवत होता. वैजयंती आत जाऊन मध्यभागी उभी राहिली. बाईमाणूस असं आत येऊन उभं राहिलं म्हणून सगळ्यांनी बघितलं.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली.  "पितरांच्या पंधरवड्यात मी हितं उभी राहून म्हणाले की सलमानभाऊंनी माझी शेवंती मारली. ते खोटं व्हतं. शेवंतीला रात्रीचा उजेड लागत व्हता म्हणून कळी धरत नव्हती. आणि तो दिवा तरी त्यांनी आमच्या आत्याबाईंसाठी लावला व्हता. मी न बघता, न इचारता बोलले. ज्यांनी ज्यांनी तवा ऐकलं, त्यांनी हेबी ऐका."

 एका म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली. सलमान मागं वळला होता, झाऱ्यातून तेल निथळत होतं. त्यानं झारा कढईवर ठेवला.

"बसा, वहिनी," तो म्हणाला. "शिवराज, ये. चहा घ्या."

तिला बसायचं नव्हतं, पळून जायचं होतं. पण ती बसली. शिवराज तिच्या बाजूला बसला आणि त्यानं भज्यांची बशी तिच्याकडं सरकवली.

दिवाळीच्या नंतर रस्त्याकडच्या शेवंतीला कळी धरली. तोवर विहिरीकडची फुलं सरत आली होती. मार्गशीर्षात, जिल्ह्यातल्या बाकी सगळ्यांची शेवंती उतरत असताना, यांचं अर्धं वावर पिवळंधमक झालं. गुरुवारच्या लक्ष्मीच्या पूजेला फुलं लागतात. बाजारात माल कमी होता. शिवराज टेम्पो घेऊन गेला आणि परत आला तो वेगळाच होऊन आला.

"आडत्या इचारत व्हता, ही शेवंती तुमी मागं कशी ठेवली म्हणून," तो म्हणाला. "मी म्हटलं, बायकोला इचारून सांगतो."

"काय सांगणार?"

"तूच सांग. म्हंजे पुढच्या वर्षी थोडी मुद्दाम मागं ठेवायची असंल तर दिवा ठेवायचा व्हय?"

वैजयंतीनं त्याच्याकडं बघितलं. पुढच्या वर्षी, असं तो म्हणाला होता. त्याचं त्यालाही ते कळलं असावं. तो टेम्पोतले रिकामे क्रेट उतरवायला लागला.

"आणि सलमानच्या गाड्यांचं?" तिनं विचारलं.

"हायवेपलीकडं बघतोय तो जागा. मी बोललो त्याच्याशी." क्रेट खाली ठेवून तो म्हणाला, "मनाला लावून घेतलं न्हाई त्यानं."

संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत फुलं निघत राहिली. मग तीही सरली आणि वैजयंतीनं झाडं छाटून घेतली. पाणी सोडलं. पंधरवड्यात बुडातून नव्या काश्या डोकावू लागल्या, आणि तिची पुन्हा तीच तऱ्हा सुरू झाली. सकाळी भाकरी तव्यावर आणि मन वावरात. यातली कुठली धरायची, कुठली टाकायची, उन्हाळ्यात त्यांना सावली कशाची करायची, विहिरीचं पाणी मेपर्यंत पुरेल का. ती ओळीत वाकून एकेक बूड हातानं उकरून बघत होती. बांधावर उभ्या राहून गुलबानो आणि बजाबाई शेळीसाठी तिथं टाकलेली छाटलेली शेवंती घेऊन जाता येते का ते विचारत होत्या. दोन वेळा विचारूनही उत्तर आलं नाही, तेव्हा दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि विचारायचं सोडून भारे बांधायला घेतले.